इंजिन मागे की मध्ये?

धर्मराज घरत आणि रामू म्हात्रे यांचं बोलणं बंद झालं, त्याला त्या रविवारी बारा दिवस होत होते. भांडण जमिनीवरून नव्हतं, सोयरिकीवरून नव्हतं, निवडणुकीवरूनही नव्हतं. म्हणजे पनवेलमध्ये समंजस माणसं ज्या कारणांवरून भांडतात त्यातलं एकही कारण नव्हतं. स्पोर्ट्स कारचं इंजिन मागे असावं की मध्ये, यावरून दोघांचं फाटलं होतं. दोघांपैकी एकाकडेही साधी मोटार नव्हती. धर्मराजकडे एक स्कूटर होती आणि रामूकडे एसटीचा ज्येष्ठ नागरिकांचा पास.

दोघांनी पनवेल आगारात चौतीस वर्षं काढली होती. रामू ड्रायव्हर, धर्मराज हेड मेकॅनिक. रामूने महाडहून गाडी आणून लावायची, वहीत तक्रार लिहायची आणि धर्मराजने गाडीखाली शिरायचं, असा त्यांचा संसार. बाकीचे ड्रायव्हर 'ब्रेक लागत नाही', 'गिअर अडकतो' असं लिहीत. रामू लिहायचा, 'वडखळ सोडल्यावर गाडी उदास होते.' डेपो मॅनेजरने यावरून त्याला दोनदा झापलं होतं. धर्मराज मात्र ते वाचून अर्धा मिनिट डोळे मिटायचा आणि डिझेल फिल्टर बदलायचा. गाडीची उदासी जायची.

निवृत्तीनंतर दोघेही खांदा कॉलनीत, दोन बिल्डिंगांच्या अंतरावर राहायला आले. रामूची बायको वारली तेव्हापासून तो रात्री धर्मराजकडेच जेवायचा. जेवण झालं की दोघे मोबाइलवर स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ बघायचे, आणि बघता बघता त्या घरात दोन पक्ष पडले.

धर्मराज जर्मन पक्षाचा. त्याच्या लाडक्या जर्मन कंपनीने साठ वर्षांपूर्वी इंजिन पार मागच्या चाकांच्याही मागे टाकलं होतं. शास्त्राप्रमाणे ही चूकच. बैलगाडीत सगळं ओझं मागे भरलं की जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते, हे पनवेलजवळच्या कोन गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण जर्मनांनी इंजिन हलवलं नाही. आज स्प्रिंग बदल, उद्या चाक रुंद कर, असं करत करत त्यांनी ती चूक इतकी सुधारली की बरोबर बनवलेल्या गाड्या तिच्यामागे राहिल्या. धर्मराजला हे फार भिडायचं. त्याची अख्खी नोकरी दुसऱ्यांनी केलेल्या चुका सांभाळण्यात गेली होती.

रामू कट्टर इटालियन. त्याच्या कंपनीने आधी इंजिन बनवलं, ते माणसाच्या पाठीला लागून मधोमध ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून त्याच्यावर काच बसवली, आणि ड्रायव्हरला कुठे बसवायचं याचा विचार त्यानंतर केला. गाडी अधूनमधून रुसली तरी चालेल, पण तिचा आवाज ऐकून अंगावर काटा आला पाहिजे, असं रामूचं म्हणणं.

बारा दिवसांपूर्वी भाकरी खाता खाता रामू म्हणाला होता, "तू जल्मभर गाडीचं रडनं ऐकलंस, धर्मा. तिचं गानं तुला ठाऊकच नाय."

"आन तू काय ऐकलंस?" धर्मराज फणकारला. "तुला गाडी कधी कळलीच नाय. नुसता स्टेरिंग फिरवत बसलास."

एकतीस वर्षं एकही अपघात केला नाही म्हणून मिळालेला बिल्ला रामूने बायकोच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावला होता. तो अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला, हात धुतला आणि निघून गेला. धर्मराजला त्याच क्षणी चूक कळली होती. पण चूक कळणं आणि चूक झाली म्हणणं यांच्यामध्ये पुरुषाला बराच घाट चढावा लागतो.

रविवारी सकाळी सत्यवतीने नवऱ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि शेजारी एक डबा.

"रामूभावजी आज पुन्याला चालले, लेकाकडं, परेशकडं. आता तिथंच रानार. अकराला निघतील."

धर्मराजने कप उचलला, परत ठेवला. "मला नाय सांगितलं त्यानं."

"तुमी बोलता का त्यांच्याशी? ही सुकटीची चटनी द्या नेऊन, आन तोंडातून दोन शब्द काढा. माफी मागून दात पडत नाय. तशीबी तुमची कवळी हाय."

"जातोय तर जाऊ दे. पुन्यात त्याला कोन तरी इटालियन भेटंल," धर्मराज म्हणाला, पण डबा उचलला आणि स्कूटरची किल्लीही घेतली.

रामूचं घर दोन बिल्डिंगा सोडून होतं. धर्मराज स्कूटरवर बसून गेला ते थेट आठ-दहा किलोमीटरवर कोनला. याला कारण होतं. एक्स्प्रेसवेला लागणाऱ्या रस्त्यावर त्याच्या भाच्याची, निकेशची चहाची टपरी होती. दर रविवारी सकाळी मुंबईच्या हौशी लोकांच्या स्पोर्ट्स कार तिथून जात आणि सहा वर्षं हे दोघे त्या बघायला टपरीवर बसत. आज रामूचा शेवटचा रविवार. तो येणारच. समोरून एखादी गाडी जाईल, एक जण 'बघितलीस?' म्हणेल, दुसरा 'बघितली' म्हणेल, आणि माफीबिफी न मागता प्रकरण मिटेल, असा धर्मराजचा बेत होता.

आठ वाजले. रामू आला नाही. निकेश म्हणाला, "मामा, जरा शेगडीवर ध्यान ठेवा, मी दूध घेऊन येतो," आणि तो बाइकवरून गेला.

तो वळणाआड गेला आणि टपरीसमोर एक पिवळी गाडी लंगडत येऊन थांबली. जर्मन. इंजिन मागे. धर्मराज शेगडी विसरून उभा राहिला. गाडीतून नटूनथटून नऊवारी नेसलेली एक मुलगी उतरली, मागच्या चाकाकडे बघितलं आणि तिने कपाळावर हात मारला. टायरमध्ये ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोटभर तुकडा घुसला होता.

"स्टेपनी काढा. धा मिनटात बदलून देतो," धर्मराज बाह्या सरसावत म्हणाला.

"काका, हिला स्टेपनी नसते."

"नसते म्हंजे?"

"वजन वाढतं म्हणून देतच नाहीत. एक गोंदाची बाटली देतात. पण हे भोक गोंदाने नाही बुजणार."

धर्मराजच्या श्रद्धेला पहिला तडा इथे गेला. स्टेपनीशिवाय गाडी डेपोबाहेर काढणाऱ्याला त्याच्या काळात निलंबित करत.

मुलीचं नाव मनस्वी. डॉक्टर होती. रात्रपाळी संपवून हॉस्पिटलातूनच नटून निघाली होती, कारण लोणावळ्याला पावणेअकराच्या मुहूर्तावर तिच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं आणि करवली तीच. तिने फोन करून गाडी उचलून न्यायला ट्रक मागवला. तो तासाभरात येतो म्हणाला. मग स्वतःसाठी टॅक्सी मागवली. ती चार मिनिटांत येते म्हणाली. म्हणजे मधला तासभर गाडीपाशी कोण थांबणार, हा प्रश्न होता. धर्मराजने खिशातून एसटीचं जुनं ओळखपत्र काढून तिच्यापुढे धरलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही वर्कशॉपला होतात? माझे आजोबा कंडक्टर होते, पेण डेपोला! ते म्हणायचे, वर्कशॉपच्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवावा." तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली, नंबर दिला, वाकून नमस्कार केला आणि ती टॅक्सीत बसून गेलीसुद्धा.

धर्मराजने दोन मिनिटं संयम पाळला. मग चपला बाहेर काढून तो अलगद आत बसला. अगदी तेवढ्यात निकेश दुधाची किटली घेऊन परतला.

"मामा! घेतलीत?"

"माझी नाय रं."

निकेश हसला. पनवेल भागात गाडी घेणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. एकाची बायकोच्या नावावर असते, दुसऱ्याची बँकेच्या. शिवाय जमिनीचा मोबदला मिळाला की माणूस आधी गाडी घेतो आणि मग घरच्यांना सांगतो, हे निकेशने गावात दहादा पाहिलं होतं. मामाच्या नावावर आता दोनच गुंठे उरले होते आणि त्यांच्यावर विजेचा टॉवर उभा होता, हे काही त्याला आठवलं नाही. त्याने फोटो काढला. पिवळी गाडी, आत अनवाणी मामा, चेहऱ्यावर अपराधी आनंद. खाली लिहिलं, 'आमच्या मामांची नवी गाडी,' आणि तो फोटो स्टेटसला लावला.

पंधरा मिनिटांत फोटो पनवेल आगाराच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर पोचला. एकशे त्रेचाळीस माणसं हातातला पेपर टाकून अभिनंदन करू लागली. एकाने गाडीचा मायलेज विचारला, एकाने नातवाच्या हळदीसाठी तारीख मागितली. धर्मराज एकेकाला 'माझी नाही' असं टाइप करत होता. पण त्याचं एक बोट आणि त्यांची एकशे त्रेचाळीस. त्यातच रामूचा मेसेज आला. ग्रुपवर नेहमी पानभर लिहिणाऱ्या रामूने नुसतं 'अभिनंदन' लिहिलं होतं. पुढे उद्गारचिन्हसुद्धा नव्हतं.

धर्मराजने तो एक शब्द दोनदा वाचला. आपण गाडी घेतली आणि रामूला कळवलंही नाही, असं रामूला वाटलंय. त्याने लगेच फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत तेच.

इतक्यात रिक्षातून ठमाबाई उतरली. ठमाबाई म्हणजे निकेशची आई आणि धर्मराजची थोरली बहीण. हातात पिशवी, पिशवीत नारळ, लिंबं आणि कुंकू.

"मना सांगलास पन नाय!" ती लांबूनच कडाडली. "पूजा केल्याबिगर आत बसलास? उतर आदी!"

"ताई, गाडी माझी नाय. एका पोरीची हाय."

"पोरीची? कंच्या पोरीची? सत्यवतीला ठावं हाय?"

धर्मराज घाईघाईने मोबाइलमध्ये मनस्वीचा नंबर शोधू लागला, आणि ठमाबाईचा संशय आणखी पक्का झाला. तरी पूजा ही पूजाच. गाडी कुणाचीही असो, लिंबावाचून उभी राहू नये. तिने चारी चाकांखाली लिंबं सारली आणि चौथ्या चाकापाशी थबकली. "यात हवाच नाय. नवी गाडी आन बसलेला चाक? तुला गंडवला, धर्मा!"

धर्मराज अडवायला पुढे होईपर्यंत तिने पिवळ्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. त्याने घाईघाईने रुमालाने पुसलं, तेव्हा स्वस्तिक गेलं आणि परातीएवढा गुलाबी डाग आला. एव्हाना रस्त्याने जाणारी वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती.

"आता इंजिनाला कुंकू लावते. उघड."

"इंजिन नको, ताई."

"का? इंजिनबी नाय काय?"

पंचवीस माणसं बघत होती आणि हेड मेकॅनिकच्या अब्रूचा प्रश्न होता. धर्मराजने पुढचं झाकण उघडलं. आत गालिचा घातलेला रिकामा खड्डा. गर्दीतून हळहळ उठली.

"चोरला!" ठमाबाईने छातीवर हात ठेवला. "इंजिन काढून इकली तुला!"

"अगं, ही जर्मन हाय! इंजिन मागं असतं हिचं!" धर्मराज ओरडला. साठ वर्षांचं ते सगळं तत्त्वज्ञान आता एका झटक्यात सिद्ध होणार होतं. तो मागे गेला, कळ शोधली, झाकण वर केलं. गर्दी वाकली.

आत दोन पंखे होते. काळ्या प्लास्टिकच्या आवरणात बसवलेले दोन पंखे, शेजारी ऑइल ओतायची दोन बुचं, आणि बाकी काही नाही. इंजिन कुठेतरी खाली होतं, नक्की होतं, पण दिसत नव्हतं. बोट घालायलाही जागा नव्हती.

"हितं पन नाय," ठमाबाई म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता, कणव होती. तिने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे, धर्मा. कोर्टात जाऊ."

धर्मराज त्या दोन पंख्यांकडे बघत राहिला. ज्या गाडीसाठी आपण जिवाभावाच्या माणसाचं मन मोडलं, तिने आपल्यासारख्याला हात लावायला एक नट ठेवलेला नव्हता.  साडेदहा वाजले होते. ट्रकचा पत्ता नव्हता. किल्ली टाकून जावं तर त्या मुलीने आजोबांच्या शब्दावर विश्वास टाकलेला, आणि थांबावं तर रामू निघून जाणार.

सत्यवतीचा फोन आला. "अहो, कुठं हाव तुमी? लोक माझं अभिनंदन करतात! आन भावजी निघाले. सामान भरून लवकरच निघाले. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं."

"चटनीचा डबा माझ्याकडंच राहिला," धर्मराज म्हणाला. तो टपरीच्या बाकावर जाऊन बसला. निकेशने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

ट्रक अकराला दहा कमी असताना आला. ड्रायव्हरने फळ्या खाली सोडल्या, गाडीची उंची बघितली आणि हात झटकले. "वर कोण चढवणार? मी नाय हात लावणार. गाडी जमिनीला टेकलेली, त्यात टायर बसलेला. एक इंच चुकलं तर बंपर जाईल. मालक तुम्हीच ना? चढवा."

धर्मराज गाडी चालवू शकत होता. डेपोत आयुष्यभर गाड्या पुढेमागे केल्या होत्या. पण पुढेमागे करणं वेगळं. इंचाने गाडी नेणारा माणूस त्याने एकच पाहिला होता.

आणि तोच माणूस रस्त्याच्या कडेला थांबलेल्या एका पांढऱ्या मोटारीतून उतरत होता. मोटार परेश चालवत होता, मागे गाद्या-उशा भरल्या होत्या. पुण्याचा रस्ता इथूनच जात होता, हे धर्मराजच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रामू सरळ चालत आला. गाडीकडे त्याने बघितलंही नाही. "गाडी घेतलीस, आनंद हाय. पन मला तू सांगायचं होतंस, धर्मा. निकेशच्या स्टेटसवरनं कळायला मी काय परका हाय?"

"माझी नाय रं ती," धर्मराज म्हणाला, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी हे वाक्य ऐकून त्याच्याकडे नीट बघितलं.

"नाय?"

"नाय. एका डॉक्टरनीची हाय. मी नुसता राखनीला बसलोय."

रामूने त्याच्या हातातली किल्ली बघितली, गुलाबी डाग बघितला, चाकाखालची लिंबं बघितली, ठमाबाईकडे बघितलं. मग त्याला सगळं समजलं. धर्मराजला सांगावंच लागलं नाही. चाळीस वर्षांच्या सोबतीचा तेवढा उपयोग असतोच.

धर्मराजने किल्ली पुढे केली. "फळीवर चढवायचीय. मला जमनार नाय. तूच चढव."

रामूने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी त्या दिशी जे बोललो ते चूक बोललो, रामू. गाडी तुलाच कळते. मला नुसती तिची दुखनी कळतात."

रामूने किल्ली घेतली. आधी त्याने धर्मराजकडून मनस्वीला फोन लावून घेतला. सनईच्या आवाजात तिने होकार दिला आणि कुंकवाचं ऐकून हसत सुटली. "राहू दे तो डाग, काका! आई महिनाभर मागे लागली होती, पूजा करून घे म्हणून. आजींना थँक यू सांगा!" ठमाबाई त्यातल्या 'आजी'वर थोडी नाराज झाली.

रामूने चपला काढल्या, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत बसला. लगेच डोकं बाहेर काढलं. "क्लच कुठाय?"

"नसतो तिला! दोनच पायडल!"

"अरं देवा."

इंजिन सुरू झालं. गर्दी मागे सरली. आवाज होता, म्हणजे इंजिनही होतं. ठमाबाईने हात जोडले. धर्मराज ट्रकवर चढून गाडीसमोर उभा राहिला आणि चौतीस वर्षं डेपोत करत होता तसा हात हलवू लागला. "येऊ दे... येऊ दे... डावी मार जरा... बस... येऊ दे..." रामू त्याच्या हाताखेरीज कुठेच बघत नव्हता. गाडी मुंगीच्या पावलाने फळीवर चढली. बंपर आणि फळी यांच्यात एका क्षणी बोटभर जागा उरली होती. तीही त्याने राखली. बारा फुटांचा प्रवास, त्याला लागली सात मिनिटं. ट्रकवाल्याने आपण होऊन टाळ्या वाजवल्या.

रामू खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"धर्मा," तो हळूच म्हणाला, "काय गाडी हाय रं ही! नुसतं मनात आनलं की वळते. कुठं धसमुसळेपना नाय. तू म्हनत होतास ते खरं. इंजिन मागंच पायजे."

"गप ए," धर्मराज म्हणाला. "स्टेपनी नाय, इंजिन दिसत नाय, हात घालायला जागा नाय. असली गाडी काय कामाची? तुझा इटालियन परवडला. मधोमध ठेवतो, वर काच लावतो, छाती उघडून दाखवतो. गाडी अशी पायजे."

"तुला चालवल्याबिगर काय कळनार?"

"तुला उघडल्याबिगर काय कळनार?"

"बाबा, उशीर होतोय," परेश म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही. त्याने आणखी दोनदा हाक मारली, मग दरवाजा उघडून वडिलांना दंडाला धरून आत बसवलं. धर्मराजने खिडकीतून डबा आत दिला. रामूने तो मांडीवर घेतला. काचेतून त्याचे ओठ अजून हलत होते. गाडी वळणाआड गेली तसा धर्मराज रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने तोच गुलाबी रुमाल डोळ्यांना लावला.

दहा मिनिटांत त्याचा फोन वाजला.

"हां, तर मी काय म्हनत होतो," रामू म्हणाला, "इंजिन दिसत नाय म्हंजे वाईट, हे कुठलं शास्त्र? तुझं काळीज दिसतं काय?"

"ते बंद पडलं तर डॉक्टरला उघडायला येतं!"

"हे बघ, तुला हे पटवल्याशिवाय मी सोडनार नाय. आता रोज रात्री जेवल्यावर फोन करीन."

धर्मराज बाकावर बसला. निकेशने दुसऱ्यांदा केलेला चहा त्याने हातात घेतला. "कर. पन सांगून ठेवतो रामू, मला पटायला धा वर्सं तरी लागतील."

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"लागू दे," रामू म्हणाला. "मला पुन्यात दुसरं काय काम हाय?"